आवाळू गळेपर्यंत

आबा,

हात रिकामे राहू नयेत म्हणून तुम्हाला लिहायला बसलो आहे. समोर खिडकीतल्या उन्हात आमची मांजरी झोपली आहे. चौदा वर्षांची आहे. निम्मे दात गेले, एक डोळा धुरकट झाला. तिच्या मानेखाली बोराएवढं आवाळू लोंबतंय आणि त्याच्या देठाला मी घोड्याचा केस बांधला, त्याला आज नववा दिवस. तुम्ही बांधायचात तसाच, दोन वेढे आणि एक गाठ. आवाळू काळं पडत चाललंय, पण गळत नाही. दर थोड्या वेळाने माझा हात तिकडे जातो. केसाचं टोक धरून जरासं ओढावं, एवढंच. म्हणून हातात टाक धरला आहे.

तुम्ही गेल्यानंतर इकडे पुष्कळ बदललं. मी आता पिंपरीत राहतो. इथल्या माळावर औषधांचा मोठा कारखाना निघाला आहे, तिथे मी भांडारात कारकून आहे. चिघळलेल्या जखमा भरून आणणारं औषध काचेच्या बाटल्यांतून रोज माझ्या डोळ्यांसमोरून बाहेर जातं, आणि भोंगा झाला की मी घरी येऊन घोड्याच्या केसाकडे बघत बसतो. तुम्ही हसला असतात. नाही, नसता हसलात. केसाचा विषय निघाला की शेवटी शेवटी तुम्ही उठून गोठ्यात जायचात.

मांजरी माझ्या बायकोची. आम्हाला मूल झालं नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही. चाकणच्या बाजारातून आणलेल्या कांद्याच्या गोणीत ही मुठीएवढी सापडली आणि त्या दिवसापासून बायकोच्या पायाशी झोपते. गेल्या वर्षी आवाळू दिसलं, तेव्हा डाळीएवढं होतं. वाढलं तसं ती मागच्या पायाने खाजवून रक्त काढायला लागली. बायकोने जुन्या चोळीची पट्टी गळ्यात बांधून पाहिली, तीही तिने फाडली. शेवटी टोपलीत घालून खडकीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी दाबून, हलवून पाहिलं. "साधं आहे. जीव घेणाऱ्यातलं नाही," म्हणाले. "पण असं रोज फुटत राहिलं तर चिघळेल. कापायचं तर गुंगी द्यावी लागेल, आणि या वयात ती गुंगीतून उठेलच असं मी सांगणार नाही."

"मग कापायचं नाही," बायको म्हणाली आणि टोपलीचं झाकण लावूनच टाकलं.

माझे वडील बांधायचे, असं म्हणत मी भीत भीत केसाचं बोललो. वाटलं, हसतील. पण त्यांनी झाकण पुन्हा उघडायला लावून देठ पाहिला. "बारीक आहे, जमेल. रक्त तुटलं की वाळून आपोआप गळतं. आम्ही दोरा बांधतो, तुम्ही केस बांधा, मात्र उकळून घ्या. आणि एकदा बांधला की हात लावायचा नाही. लोकांना धीर नसतो. रोज थोडं थोडं ओढतात, मग ते फाटतं, पिकतं आणि जनावर हातचं जातं."

ते हे सहज बोलले. मी मात्र परत येताना टोपली बायकोच्या हातात दिली आणि स्टेशनापर्यंत तिच्या मागून चालत आलो.

केस चिंचवड स्टेशनाबाहेरच्या टांगेवाल्याकडे मागितला. तो म्हणाला, "घोडं माजं, दुखणं तुमच्या मांजरीचं, आन् लाथ कुणी खायाची राव?" हा घोडाच ना, घोडी तर नाही, असं मी विचारलं, तेव्हा तर तो पोट धरून हसला. "का? सोयरीक जमवताय व्हय?" घोडीचा केस तुम्ही कधी घेतला नाहीत, आणि का ते कधी सांगितलं नाहीत. मी आपलं तुमचं तसंच पाळलं.

केस बांधला त्या दिवसापासून मीठही सोडलं. बांधणाऱ्याने आवाळू गळेपर्यंत अळणी खायचं, हे बायकोला समजावताना नाकी नऊ आले. "आवाळू तिला आणि पथ्य तुम्हाला?" ती म्हणाली. मग मांजरीकडे वळून म्हणाली, "लवकर गाळ गं बाई. हा माणूस अळणी खाऊन माझ्यावर खेकसतोय." खरं आहे. नऊ दिवस मी खेकसतोच आहे. सकाळी दिवा लावतो, देवाचं नाव घेतो, आणि नाव घेता घेता डोळे खिडकीकडे जातात.

अळणी भाकरीचा पहिला घास तोंडात गेला की निघोज्याचं आपलं स्वयंपाकघर दिसतं. मी दहा वर्षांचा आहे. चुलीच्या एका अंगाला आईने तुमचं वेगळं गाडगं ठेवलंय. वेशीजवळच्या म्हातारीच्या गाईला गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीवर आवाळू झालंय आणि तुम्ही आजच केस बांधून आलात. बांधून झाल्यावर जमिनीला हात लावून तुम्ही भैरवनाथाला म्हणालात, "नाथा, तुजं तू बघ." आता आवाळू गळेपर्यंत तुम्ही त्या गोठ्यात पाऊल टाकणार नाही. परवा भैरवनाथाची जत्रा. म्हातारी दारात उभी आहे.

"आरं, माज्या गाईपायी तू जत्रंचं मटन बी अळणी खानार व्हय?"

"खातो की. जत्रा काय, फुडल्या साली बी हाय," तुम्ही म्हणता आणि हसता. मी तुमच्या मांडीला टेकून बसलोय. तुम्हाला मटणाचा रस्सा किती आवडतो ते मला माहीत आहे. वर्षातून एकदाच तर होतो.

जत्रेनंतर चौथ्या दिवशी गाय गेली. पोळी सुजून फुटली होती, अळ्या पडल्या होत्या. तुम्ही त्या गोठ्यात गुडघ्यांवर बसलात. "गाठ जास्ती आवळली माज्याकडनं," एवढंच बोललात. म्हातारी उलट तुमचीच समजूत घालत होती. त्यानंतर चाकणहून, लांबलांबच्या वाड्यांवरून माणसं यायची, हात जोडायची, आणि तुम्ही म्हणायचात, "न्हाई बांधत आता." आवाळू गळलं नाही, म्हणून पथ्यही सुटलं नाही. एकदा आईने न सांगता गाडग्यात चिमूटभर मीठ टाकलं. तुम्ही एक घास घेतलात आणि ताट बाजूला सारलंत. आईला काही बोलला नाहीत. माझ्यावर मात्र कडाडलात, "बघत काय बसलायस? जेव." मी जेवलो. त्यापुढे बारा वर्षं, तुम्ही जाईपर्यंत, तुम्ही अळणीच खाल्लंत. अखेरच्या दुखण्यात पेजसुद्धा.

इथे थांबावं लागलं. टाक खाली ठेवला आणि कधी खिडकीशी गेलो ते कळलं नाही. बोटात केसाचं टोक आलं होतं. ताणलं नव्हतं. मांजरीने डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"अहो!" मागून बायको ओरडली. "हात आहेत की काय आहेत तुमचे? डॉक्टरांनी काय सांगितलंय?" तिने सूप आणि गहू माझ्यापुढे आदळले. "हे निवडा. संपले की ज्वारी देते."

गहू निवडतो आहे. कागद पुढे कधी लिहीन माहीत नाही.

पुढचे चार दिवस गेले. घरातलं सगळं धान्य निवडून झालं, कंदिलाच्या काचा पुसून झाल्या. परवा रजा काढली होती, तर बायकोनेच हाताला धरून कामावर पाठवलं. आज रविवार. मी अंगणात होतो आणि आतून तिची हाक आली, एकदम वेगळी. मांजरी गेली, असंच वाटलं.

मांजरी ताटलीतलं दूध पीत होती. तिच्या गोणपाटावर वाळल्या मनुकेएवढं काहीतरी पडलं होतं, केसासकट. मानेखालची जागा पाहिली. कोरडी, गुलाबी, डाळीएवढी. रक्ताचा टिपूस नाही. बायको रडत होती आणि मांजरीला "भवाने, भवाने" म्हणत होती.

मी तो केस उजेडात धरून पाहिला. दोन वेढे, एक गाठ. बांधली होती तशीच. तुम्ही मला कांद्याच्या गोणीच्या तोंडावर शिकवली होती तीच. गाईच्या वेळीही ती जास्त आवळलेली नव्हती, आबा. तुमची गाठ बरोबर होती.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी, म्हातारी शेतात गेल्यावर, मी तिच्या गोठ्यात शिरलो. केसाचं टोक दातात धरलं आणि जोर लावून ओढलं. गाय ओरडली. मी तिला गप म्हणालो आणि पुन्हा ओढलं. आवाळू रातोरात गळेल, आणि जत्रेला तुम्ही आमच्याबरोबर मिठाचं जेवाल, असं मला वाटलं होतं. बारा वर्षं तुमच्या ताटाशेजारी बसलो आणि हे बोललो नाही. आईलाही नाही, देवापुढेही मोठ्याने नाही. बायकोला आज सांगेन म्हणतो. अजून सांगितलेलं नाही.

हा कागद कुठे पाठवायचा तेही कळत नाही. घडी करून केसासकट देवाच्या फळीवर ठेवीन.

आणखी एक. दुपारी बायकोने आमटीत मीठ घातलं आणि वाढलं. वाटलं होतं, घास उतरणार नाही. उतरला. आमटी फार चांगली झाली होती, आबा. मी दोनदा मागून घेतली.