धाकट्याचा ठिपका

प्रिय धाकट्या,

तुझ्या पत्राला सहा महिन्यांनी उत्तर देते आहे. रागावू नकोस, थकले आहे रे. गुडघे कुरकुरतात आणि वेधशाळेच्या जिन्याला बावन्न पायऱ्या आहेत, हे तुला वेगळं सांगायला नको. रोज सकाळी दहाला वर जायचं, दुर्बिणीतून कागदावर पडलेल्या सूर्याच्या बिंबावरचे डाग पेन्सिलीने टिपायचे, खाली तारीख, वेळ, सही. तीस वर्षं हेच चाललंय. महिनाअखेर निवृत्त होते आहे. पुढे काय करणार असं सगळे विचारतात. झोपणार, असं सांगितलं की हसतात. मी गंमत करत नाही.

तुझं चष्म्याचं दुकान छान चाललंय, लेक तुझ्याहून उंच झाली, हे वाचून बरं वाटलं. दिवसभर लोकांच्या काचा पुसतो, असं तू गमतीने लिहिलंयस. ते वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

इथे सध्या जुन्या कागदांचे फोटो काढून संगणकात भरायचं काम चालू आहे. सूर्यावर ज्वाला उसळतात, त्याआधी तिथला डाग कसा दिसत होता, हे नव्या संशोधकांना हवंय. डाग जितका कोवळा असताना टिपलेला, तितका त्यांना मोलाचा. गठ्ठे उपसता उपसता परवा तुझा बारा वर्षांपूर्वीचा कागद हाती आला. पूर्वेच्या कडेशी मोहरीएवढा ठिपका, आणि त्यावर माझी लाल रेघ.

तू तेव्हा माझ्या हाताखाली नवीन होतास. बहिणीच्या वशिल्याने लागला असं कुणी म्हणू नये म्हणून मी तुझ्याशी जरा जास्तच कडक वागायचे. दुर्बीण किंचित हलवली की सूर्यावरचा डाग बिंबाबरोबर सरकतो, काचेवरचा कण जागीच राहतो. ही साधी परीक्षा तू केली होतीस आणि तसं सांगतही होतास. मला बघायला बोलावलंस तोवर ढग आले. मी मोठ्या साहेबांसमोर रेघ मारली आणि म्हणाले, "आधी काच पुसायला शीक." सगळे हसले. त्या दिवसापासून सगळे तुला 'धूळसाहेब' म्हणू लागले. तू तीन महिने कसेबसे काढलेस आणि राजीनामा दिलास. घरी आईला सांगितलंस की तुझं मन रमत नव्हतं. माझं नाव घेतलं नाहीस.

आता जे लिहायचं आहे, त्यासाठी हे पत्र. ढग दोन दिवस राहिले. चौथ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा पूर्वेची कड आणि बिंबाचा मध्य यांच्या निम्म्यावर डागांचा मोठा पुंजका होता. दुपारी तिथून ज्वाला उसळली आणि वीस मिनिटं दूरदूरचे रेडिओ मुके झाले. सूर्य दिवसाला किती वळतो ते मला तोंडपाठ आहे. मी पुंजका तीन दिवस मागे नेऊन पाहिला. तो थेट तुझ्या ठिपक्यावर येऊन बसला. धाकट्या, मला हे बारा वर्षं माहीत होतं. साहेबांपुढे शब्द मागे घ्यायची लाज वाटली, मग तू गेलास, मग आई गेली. दरवर्षी म्हणायचे, यंदा सांगीन.

कागद सोबत जोडला आहे. मूळच आहे, प्रत नाही. कार्यालयातून रीतसर मागून घेतला. लाल रेघेखाली माझी चूक लिहून सही केली आहे. पण ठिपका खरा होता, हे ज्याने तो पाहिला त्यानेच लिहून सही करायची, हा इथला नियम तुला ठाऊक आहे. ती जागा रिकामी ठेवली आहे. सही करून टपालाने परत पाठवलास तरी चालेल. स्वतः घेऊन आलास, तर महिनाअखेरपर्यंत रोज दहा वाजता मी वरच असते.

तुझीच,
ताई