धुराचं मटण

आबा, शेगडीला भोक पाडलं मी. नवीकोरी बार्बेक्यूची शेगडी, क्रांती चौकातल्या दुकानातून आणलेली, टोपलीएवढी, तीन पायांची, वर गोल झाकण. दुकानदार म्हणाला, "ताई, यावर पनीर भाजा, लई भारी होतं." मनात म्हटलं, तुझं पनीर तुलाच लखलाभ. मला धुराचं मटण करायचं होतं. तुम्ही गोडेतेलाच्या डब्याची शेगडी करून त्यात करायचात तसलं, निखाऱ्यावर भाजलेलं नाय, दिवसभर नुसत्या धुरात मुरलेलं. तुमच्यामागं ते कुणी केलंच नाय. वरचा मजला बांधला तेव्हा तो डबाही भंगारात गेला.

इतक्या वर्षांनी आत्ताच का, म्हणाल. माय जेवत नाय, आबा. तिला आता काही आठवत नाय. मलाच विचारते, "कोण गं तू? कुणाकडं आलीस?" घास पुढं केला की ओठ घट्ट मिटून घेते. डॉक्टर म्हणाले, आवडीचं काहीही द्या, पण पोटात जाऊ द्या, नाहीतर अवघड आहे. वरण झालं, शिरा झाला, कोंबडीचा रस्सा झाला, ताट आपलं जसंच्या तसं परत. आणि एका दुपारी भिंतीकडं तोंड करून पडल्या पडल्या म्हणाली, "आज शेगडी नाय पेटवली व्हय त्यांनी?" तिला मी आठवत नाय, पण तुमची शेगडी आठवते.

मग मलाही आठवायला लागलं. टँकरची वर्षं. पुंडलिकनगरात तेव्हा निम्मे प्लॉट मोकळे, बाकीच्यांवर सळया उभ्या, अन् गल्लीत हंड्यांची रांग. गावाकडं चारापाणी संपलं की काका बकरा कापायचा. बाजारात मातीमोल जाण्यापरीस भावाच्या लेकरांच्या पोटात गेलेला बरा, म्हणायचा, अन् आपला वाटा एसटीनं धाडायचा. पाऊस नसला की आपल्या घरात मटण, असं ते उलटंच गणित होतं. फ्रीज नव्हता. रात्री मीठ-हळद चोळून ठेवायचं अन् सकाळी तुम्ही गच्चीवर. वाळूजच्या कंपनीत हप्ताभर पाळ्या करून आलेला माणूस सुट्टीच्या दिवशी डब्यापुढं उकिडवा बसलेला. मी वासानंच हसत नाचायला लागते, तर तुम्ही म्हणता, "हसू नको बाई. तहानेनं आलाय तो." अन् डब्यात मटणाखाली वाटीभर पाणी ठेवता. माय जिन्यातून कडाडते, "प्यायला पाणी नाय अन् मेल्या बकऱ्याला पाणी पाजता व्हय!" तुम्ही मान वर न करता म्हणता, "तहानलेलाच गेला तो. पिऊ दे." पुढं कधीतरी मला सांगितलंत की त्या वाफेनं मटण कोरडं पडत नाय. पण मायला कधी सांगितलं नाय. शेवटी तिनंच तोड काढली, तांदूळ धुतलेलं पाणी तुम्हाला वर पाठवायला लागली.

या नव्या शेगडीवर पहिल्यांदा मी माती खाल्ली. निखारे सगळीकडं पसरले, मटणाचा कोळसा. पुढच्या सुट्टीला निखारे एका बाजूला सारले, मटण दुसऱ्या बाजूला, तरी वास येईना. झाकणाला मधोमध झरोका, अन् धूर सरळ त्यातनं आभाळात. आणीन तेवढ्या बाभळीच्या ढलप्या फुकट चालल्या. चिडून शेगडीला लाथ घालणार तेवढ्यात तुमचं बोलणं आठवलं, "धूर पाहुणा आहे बाई. दारातनं आला अन् दारातनंच गेला, तर जेवला कुठं?" खरंच की! मग तो झरोका पत्र्याची चकती अन् बोल्ट लावून बंद केला, अन् निखाऱ्यांपासून लांब, बरोबर मटणाच्या डोक्यावर नवं भोक पाडायला घेतलं. ड्रिल लागलं की झाकण थडथड उडायचं. अन् एकाएकी उडायचं थांबलं. कुणीतरी पलीकडनं दाबून धरावं तसं. जिन्यात तुमच्या चपलेचा तो घासटत येणारा आवाजही झाला. मी मागं बघितलं नाय. भीती वाटली, आबा, खोटं कशाला बोलू. तुमची भीती नाय. मागं कुणी नसेल त्याची.

आज सकाळी पेटवली. माझ्या अन् मायच्या खोलीचं दार गच्चीतच उघडतं. दुपार कलंडता कलंडता धूर मऊ झाला, निळसर, अन् तोच वास आला. वाटीतलं पाणी आटलं होतं म्हणून झाकण उचलून ओतत होते. आजही आपल्या नळाला आठवड्यातनं एकदाच पाणी येतं, म्हणून तांदळाचंच. धुरासाठी तोंडाला फडकं बांधलेलं, पाठ दाराकडं. अन् मागून कडाडली, "प्यायला पाणी नाय अन् मेल्या बकऱ्याला पाणी पाजता व्हय!"

भिंतीला धरून माय उभी होती. तोच आवाज, तीच धार. मी वळले नाय. आवाज जाड करून म्हणाले, "तहानलेलाच गेला तो. पिऊ दे."

माय हसली. उंबऱ्यावर बसली अन् माझ्या हातनं जेवली, आबा. एक तुकडा, मग दुसरा, वर "मीठ कमी पडलं" म्हणून नाक मुरडलं. मला रडू फुटत होतं, पण फडकं होतं तोंडाला. मग ताटलीतले दोन तुकडे बोटानं बाजूला सारले अन् मला म्हणाली, "अवं, हे पोरीला ठेवा. शाळेतनं भुकेली येईल ती."

हे कुठं पाठवायचं नाय. शेगडीचा एक पाय डुगडुगतो, त्याच्याखाली या कागदाची घडी घालणार आहे. पुढच्या सुट्टीला पुन्हा पेटवीन. तुम्ही जरा उशिरा या. तोवर ती मला हाक मारते का बघते. नाय मारली, तर मात्र या, तिला जेवू घालायचंय.

ते दोन तुकडे मी झाकून ठेवलेत. मघापासून तीनदा झाकण उचलून बघितलं, भूकही लागलीय. पण तिनं ते पोरीला ठेवलेत. तिनं हाक मारल्याबिगर मी कशी खाऊ?