लिफाफ्यात राहिलेली सीडी

दुम्यात शहर, रविवार

प्रिय इन्साफ,

एकाच छपराखाली राहणाऱ्या नवऱ्याने बायकोला पत्र लिहावे, याचे तुला हसू येईल. तू आत मुलूखियाच्या भाजीची पाने खुडत बसली आहेस आणि मी येथे जुन्या वह्या चाळण्याचे सोंग करतो आहे. ज्याला वाक्य पुरे करता येत नाही त्याने ते सुरूच करू नये, असे मी, व्याकरणाचा उस्ताज, बेचाळीस वर्षे विद्यार्थ्यांना बजावत आलो. गेले तीन आठवडे मात्र मी रोज एक वाक्य सुरू करतो आणि तू समोर आलीस की मिठाची बरणी मागतो. परवा तू शेजारच्या उम्म रिदाला, मला ऐकू जाईल अशा बेताने, म्हणालीस, "ह्यांना काहीतरी झालंय गं. मीठ मागतात नि घास गिळत नाहीत. पुरुषाची जात, मेले तरी सांगायचे नाहीत."

तुमच्या गावच्या शाळेत बिल्हार्झिया या कृमिरोगावर साऱ्या वर्गाला एकाच सुईने टोचले, तेव्हा रांगेत तू सकीनाच्या मागे उभी होतीस. त्या सुईने दोघी बहिणींच्या यकृतात रोग पेरला. पुढे सकीनाच्या यकृतात कर्करोगाची गाठ निघाली आणि डॉक्टरांनी तिला ते स्पष्ट सांगितले. तिने भिंतीकडे तोंड फिरवले आणि सहा आठवड्यांत ती गेली. दफन करून आलो त्या संध्याकाळी तू माझे मनगट धरून म्हणालीस, "मला तसलं काही निघालं, तर मला सांगायचं नाही. घ्या शपथ." मी घेतली. पुढे सरकारी गोळ्यांनी तुझा रोग गेला आणि तू गल्लीभर मशब्बक मिठाई वाटलीस. यकृतावरचे व्रण मात्र गोळ्यांनी जात नाहीत. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होत राहिली आणि दर वेळी "काही दिसत नाही" असेच उत्तर मिळाले.

मन्सूऱ्याच्या यकृततज्ज्ञ डॉक्टर मुनीरा यांचे त्यावर समाधान झाले नाही, म्हणून त्यांनी एमआरआय करवून घेतला. त्याची सीडी आणायला मी एकटा गेलो होतो. यंत्र बिघडल्यामुळे चित्र नीट आले नाही, असे मी तुला परतल्यावर सांगितले. त्या वाक्यात व्याकरणाचा एकही दोष नव्हता. चित्र नीट आले होते, इन्साफ. त्यात हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा ठिपका आहे.

तुला न कळवता उपचार करा, अशी विनवणी करायला मी चोरून मन्सूऱ्याला गेलो. मुनीरांनी मला शांतपणे समजावले. सोनोग्राफीत ठिपका जाळणारी सुई पुढे सरकताना दिसते, परंतु तुझ्या खडबडीत यकृतात ठिपका ओळखू येत नाही. एमआरआयमध्ये ठिपका दिसतो, परंतु ते एकदाच टिपलेले, थिजलेले चित्र आहे. संगणकावर एक चित्र दुसऱ्यावर नेमके बसवले की सुईला वाट सापडते आणि ठिपका जागच्या जागी जाळता येतो. मात्र तो लहान आहे तोवरच. "उशीर केलात, उस्ताज, तर जाळायला नाही, नुसता मोजायला याल," त्या म्हणाल्या. तरीही तुला सांगू नका म्हणालो, तेव्हा त्या करवादल्या, "पोट बाईंचं, सुई बाईंच्या पोटात. त्यांना काय सांगू, डास चावतोय म्हणून?"

शपथ पाळली तर तू जाणार; मोडली तर तूही भिंतीकडे वळशील, ही धास्ती. या दोहोंच्या मध्ये मी कोंडला गेलो आहे. ज्या शब्दकोशांवरची धूळ तू पुसतेस, पण जे कधी उघडत नाहीस, त्यांच्या मागे मी ती सीडी आजवर ठेवली होती. तू त्या कपाटाशी गेलीस की मी तुला चहासाठी हाक मारत असे.

काल तू माझ्यापुढे एक चिठ्ठी ठेवलीस: मंगळवार, सकाळी अकरा, डॉक्टर मुनीरा, आणि खाली माझे नाव. "तुमचं लिव्हर दाखवून घेऊ. मी येते बरोबर. जे असेल ते तोंडावर ऐकायचं, उस्ताज. लपवून कोण बरं झालंय आजवर?" हे वाक्य तुझे आहे, इन्साफ, आणि त्याच्याच आधाराने मी माझी शपथ मोडतो आहे. चिठ्ठीवरचे माझे नाव खोडून मी तेथे तुझे लिहिले आहे. सीडी याच लिफाफ्यात, पत्राच्या मागे आहे. ती तू स्वतःच्या हाताने मुनीरांना दे. हे वाचून झाल्यावर भिंतीकडे वळू नकोस. दार उघडेच आहे. मला हाक मार, हवे तर शिव्या दे. मी येथेच बसलो आहे.

तुझाच,
वहीद