अब्दोनच्या नावाने आलेले निरोप

सान मातियास बंदर, सेचुरा
१२ मार्च

चि. नेलीदास,
ताईचे अ. आ.

तुझं पत्र आणि साबण बसवाल्याने पोचवले. फोन असताना पत्रं कशाला, असं तो विचारत होता. घराला खोली एकच आणि अब्दोनचे कान तिखट, हे त्याला कशाला सांगू?

अब्दोन बरा आहे. अर्धांगाच्या झटक्यानंतर तोंड सरळ झालं, डावा हात अजून लोंबतो. आरोग्य केंद्रातल्या नर्सने त्याचं नाव फोनवरच्या निरोपांसाठी लावलं. घरात फोन एकच, तोही माझ्या एप्रनच्या खिशात, म्हणून निरोप मलाच येतात. सकाळी येतो, की सेन्योरा पर्पेतुआ, डॉन अब्दोन यांना गोळीची प्रेमाने आठवण करा. दुपारी, की आज स्वयंपाकात मीठ थोडं कमी. संध्याकाळी, की ते आज चालले असतील तर कौतुक करायला विसरू नका. हे वाचते तेव्हा मी कोपरापर्यंत मिठात असते. ईस्टरआधीचा उपासकाळ चालू आहे, खारवलेल्या बांगड्याला मागणी फार. मासे खारवायच्या शेडवरून सुटले की घरी जाऊन कौतुक करते.

तो म्हणतो, सरकार माझ्या पाठीमागे माझ्या बायकोशी काय बोलत असतं? एवढा जीव असेल तर जेवायला बोलाव, त्यालाही वाढ अळणी भात.

संध्याकाळी जरा थकायला होतं. बाकी ठीक. जीव लावतेस तसा लावत राहा.

तुझी
पर्पेतुआताई


लिमा
२० मार्च

ती. ताईस,
नेलीदाचा सा. न.

भावोजींना सांग, सरकार जेवायला आलं तर उठायचं नाव घेणार नाही, तेव्हा जपून बोलवा.

ताई, रविवारी फोनवर मी विचारलं, तू कशी आहेस. तू म्हणालीस, अब्दोनचा दाब उतरलाय, परवा धक्क्यापर्यंत चालून आला. मी तुझं विचारलं होतं.

तुझ्या शेजारची ओदिलिया इथे कामाला आली आहे. ती सांगत होती, शेडवर तुझा घोळणा फुटला, तू एप्रनने पुसलंस आणि पुढचा मासा उचललास. आई याच शेडवर, मिठाच्या हौदाशी उभी असतानाच पडली. तिचा दाब कधी कुणी मोजला नाही. तू मोजून घे. कुणाच्या मातीसाठी रात्रभर बसमध्ये बसायचं त्राण आता माझ्यात नाही.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर पाठव.

तुझी
नेलीदा


सान मातियास बंदर
२ एप्रिल

चि. नेलीदास,
अ. आ.

ओदिलियाची जीभ लिमाला पोचली तरी आखूड झाली नाही. नाक उन्हाने फुटलं होतं.

तरी तुझं ऐकलं म्हण, किंवा योगायोग म्हण. अब्दोनच्या गोळ्या आणायला गेले होते. नर्सला मशीन नीट चालतंय का ते बघायचं होतं, म्हणून तिने पट्टा माझ्या दंडाला बांधला. आकडा बघून म्हणाली, मशीन बिघडलं. स्वतःला लावून बघितलं, तर बरोबर. पुन्हा मला लावलं. आकडा तोच. माझा दाब अब्दोनपेक्षाही वर होता.

दर सोमवारी येणाऱ्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. नर्सने माझंही नाव लावलं. विचारलं, तुम्हाला आठवण कोण करील? नवऱ्याचं नाव दिलं, आणखी कुणाचं देणार? नंबर तोच. आता माझ्या खिशात निरोप येतो, की डॉन अब्दोन, सेन्योरा पर्पेतुआंना गोळीची प्रेमाने आठवण करा. मी वाचते आणि पुसून टाकते. मलाच माझी आठवण काय करून देऊ?

खरं सांगते, गोळी मी घेत नाही. घेतली की सारखी लघवीला लागते, आणि हौदावरून जी बाई उठते तिच्या जागी दाराशी थांबलेली दुसरी उभी राहते. ईस्टरचा पवित्र आठवडा उरकला की घेईन. अब्दोनला यातलं काही माहीत नाही. त्याला कळवू नकोस, त्याचा दाब चढेल.

तुझी
ताई


लिमा
९ एप्रिल

ती. भावोजींस,
सा. न.

हे पत्र मुद्दाम तुमच्या नावावर टाकलं आहे. ताई मला बोल लावील, लावू दे.

तिच्या एप्रनच्या खिशात रोज तुमच्या नावाने निरोप येतात, आणि ती ते पुसून टाकते. तिचा दाब तुमच्यापेक्षा वाईट आहे. हौदावरची जागा जाईल म्हणून ती गोळी घेत नाही. मी इथून काय करू शकते? फोन तुमच्याकडे घ्या. वाचता येत नाही म्हणू नका, फुटबॉलच्या बातम्या तुम्ही वाचताच.

चिडले नाहीये. दमले आहे.

आपली
नेलीदा


सान मातियास बंदर
१७ एप्रिल

मेव्हणीबाई,
आशीर्वाद घ्या, पत्र पोचलं.

फोन मागितला तर तुझी बहीण म्हणाली, कुणाला करायचाय? मी म्हटलं, माझं टपाल आहे त्यात. दोन दिवस ताट आपटून वाढलं, मग फोन दिला. तुझ्यावर जास्त चिडली आहे.

पहिल्या दिवशी निरोप आला, प्रेमाने विचारा. मी विचारलं. तिने माझं तोंड पुन्हा वाकडं झालंय का ते बघितलं.

आता मी शेडवर जाऊन बसतो. ती उठली की तिच्या जागी उभा राहतो. एका हाताने मासा धरता येत नाही, नुसतं मीठ मारतो. बाया म्हणतात, डॉन अब्दोन, बायकोचा एप्रनपण बांधा. बांधला. मुकादम कुरकुरला, पण जागा अजून तिचीच आहे. सणानंतर काय ते माहीत नाही. माझेही पाय भरून येतात, हे तिला सांगत नाही. तूही सांगू नकोस.

आज दुपारी शेड बंद होती. ती आडवी झाली आणि तिला झोप लागली. इतक्या वर्षांत ती दिवसा झोपलेली मी पाहिली नव्हती. निरोप आला तेव्हा उठवू की नको, असं झालं. शेवटी खांद्याला हात लावला. ती दचकून उठून बसली, चपला शोधायला लागली, आणि विचारलं, कोण गेलं?

मी म्हटलं, कुणी नाही. तुझी गोळी आहे.

माया असू दे.

तुझा भावोजी
अब्दोन