ओढ्याकाठच्या चौथ्या वाफ्याबद्दल

मी, रतनबाई सावळाराम निगडे, वय चौसष्ट, धंदा शेती, राहणार उत्रोली, तालुका भोर, हा कागद भोरमध्ये केशव गुरुजींच्या घरी बसून त्यांच्या हातून लिहवून घेत आहे. कोणी भरीस पाडलेले नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. माझे धाकटे दीर भिमा हे महिनाभर गावात सांगत आहेत की वहिनीच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. म्हणून आजच डॉक्टरांकडून तपासून घेतले. दाखला सोबत आहे.

१. घरातला माझा हिस्सा, भांडी व कानातली फुले मुलगा कुमार यास. तो शिरवळला नोकरीला असतो. हिस्सा विकायचा तर विकावा, पण काकाला विकू नये.

२. ओढ्याकाठची बारा गुंठे जमीन मी स्वतः कमावून घेतलेली आहे. तीही कुमारला, पण अटीवर.

तीन वर्षांपूर्वी शुभ्राताई, शेतकी शिकलेली भोरची मुलगी, आमच्या सात बायकांच्या गटाला म्हणाली की कोणते खत चांगले ते दुकानदाराला कशाला विचारायचे, आपणच पाहू. मी या जमिनीत वांग्याचे चार वाफे केले. पहिला बिनखताचा, दुसऱ्याला शेणखत, तिसऱ्याला गांडूळखत. चौथ्याला भिमाभावजींनी आणलेले काळे दाणेदार खत घातले. पोत्यावर सेंद्रिय असे छापलेले होते. रोज पाहायचे आणि वहीत लिहायचे, असे ठरले होते.

चौथ्या वाफ्यातली वांगी सगळ्यांत मोठी निघाली. लोक बघायला आले. ‘खत वापरून पाहिले, उत्तम आहे’ असा कागद भावजींनी लिहून आणला आणि मी खाली सही केली. तो कागद दाखवून त्यांच्या शेडमधून खत घरोघर विकले गेले.

सही केली त्या दिवशी माझ्या वहीत हेही होते: चौथ्या वाफ्यातली गांडुळे वर येऊन बांधावर मरून पडली. फुलावर माशी बसत नाही. वांगी मोठी होती म्हणून मी बोलले नाही. ते पाप माझे.

पुढच्या साली तिथे टाकलेली मेथी उगवून जळाली. ओढ्यातले खेकडे मेले. शुभ्राताईने माती आणि खत पुण्याला तपासायला पाठवले. दोन्हींत शिसे निघाले. खत म्हणून कुठल्यातरी कारखान्याचा वाळवलेला गाळ आमच्या शेतात आला होता.

सबब, जमीन निर्धोक असल्याचा लेखी दाखला मिळेपर्यंत तिच्यात खाण्याचे काही पिकवू नये, गुरे चारू नयेत. बांबू लावावा. वांगी अजूनही चांगली येतील. भुलू नये.

३. माझी गाभण म्हैस शेजारीण अंबूबाई हिला. माझ्या सहीवर विसंबून तिने ते खत गवताला घातले. तिच्या दोन गाभण म्हशी एकामागून एक गाभडल्या. खतानेच झाले असे कोणी छातीठोक सांगत नाही, मीही सांगत नाही. ती नको म्हणेल, तरी म्हैस दाव्यासकट नेऊन तिच्या गोठ्यात बांधावी.

४. खुरपी, विळे व फवारणीचा पंप गटातल्या बायकांनी वाटून घ्यावा. पंपाचा पट्टा तुटका आहे.

५. भिमाभावजींना काही नाही. कारण लिहिते. सावळाराम वारले त्या साली याच दिरांनी माझी भातलावणी करून दिली, कुमारला शाळेत नेऊन घातले. ते विसरले नाही, म्हणून आधी त्यांच्याकडेच गेले. म्हटले, पोती परत पाठवा, आपण दोघेही फसलो असे मी गावाला सांगते. ते शांतपणे म्हणाले,

“वहिनी, म्या फसलो न्हाई. मला ठावं व्हतं.”

त्याच आठवड्यात माझी पेंढ्याची गंजी जळाली. कोणी पेटवली ते मी पाहिले नाही. नंतर ते घरी आले, चहा घेतला, आणि निघताना विचारले,

“सांजच्याला हिरीवर तुमी एकट्याच जाता न्हवं?”

६. वही शुभ्राताईंकडे दिली आहे. येत्या सोमवारी ग्रामसभेत मी ती वाचणार आहे. मी नसले तर शुभ्राताईंनी वाचावी. माझ्या सहीची गोष्ट गाळू नये.

७. मी पाय घसरून विहिरीत पडले, असे कोणी कुमारला सांगितले तर त्याने अग्नी देण्याआधी हा कागद घेऊन पोलिसांत जावे. माझे माहेर नीरेकाठचे सारोळे. सातव्या वर्षापासून मी भरल्या नदीत पोहत आले. सासरी हे कोणाला कधी सांगायची वेळ आली नाही. दिरांनाही ठाऊक नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

ठिकाण: भोर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

(सही) रतनबाई सावळाराम निगडे

साक्षीदार:
१. केशव विष्णू पटवर्धन, निवृत्त शिक्षक, भोर. मजकूर माझ्या हस्ताक्षरात.
२. डॉ. मंदार देवधर, भोर. सही करताना बाईंचा हात स्थिर होता.