पेजेतली गोळी

आये, काल आपल्या देवळातले गुरवकाका कुडाळला आमच्या लॅबमध्ये रक्त तपासायला आले होते. तू जाऊन नऊ वर्षं झाली. तुझ्याविषयी कुणाला काही विचारणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. त्यांनीच मला ओळखलं.

चौथीत माझे हात इतके कापायचे की वहीतली अक्षरं मलाच वाचता येत नसत. कितीही जेवले तरी मी वाळतच होते. बाजारात तुझ्या शेजारी मासे विकणारी म्हणाली, "चेडवाक दिष्ट लागली गो, देवाक विचार." तू सावंतवाडीच्या डॉक्टरांना विचारलंस आणि देवालाही. डॉक्टर म्हणाले, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आहे. गोळ्या रोज घ्यायच्या, नाहीतर हृदयावर ताण येईल. देव काय म्हणाला, ते तू सांगितलं नाहीस.

आठवतं, मी देवळाच्या पायरीवर बसले आहे. आत गुरवकाका पाषाणाला भिजवलेल्या कळ्या लावतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. तू बाहेर येतेस आणि "चल" एवढंच म्हणतेस. नवी होडी पाण्यात कधी घालायची, हेसुद्धा आपल्याकडे कौल घेऊनच ठरायचं. तू कौल मोडल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तू गोळी हातावर देईनाशी झालीस. "कुटून घातलंय पेजेत. गप खा." मी प्रत्येक घास जिभेवर घोळवायचे. कधी कडू लागायचा, कधी नाही. पुढे डॉक्टरांनी डोस कमी केला आणि माझं कापरं परत आलं. "गोळी चुकते का?" त्यांनी विचारलं. "नाही साहेब, एक पण दिवस नाही," तू म्हणालीस. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. माझा विश्वास बसला नाही. डोस पुन्हा वाढला, मी बरी झाले. तू मात्र देवळात जाणं सोडलंस. देवाचं ऐकून फसलीस म्हणून रुसली असशील, असा मी अर्थ लावला. डोस उतरवताना हा आजार गोळी न चुकवताही उलटतो, हे नंतर शिकले. संशय शिकून गेला नाही.

काल मी काकांच्या दंडाला पट्टा बांधत होते. ते म्हणाले, "बरी दिसतंस गो. तेव्हा तुझ्या गोळयेचो कौल डावोच पडलो. परत परत लावलंय, डावोच. तुझी आवस म्हणाली, काका, घरात सांगू नको, ते गोळये बंद करतले. मगे देवाक सांगल्यान, काय करूचा ता माका कर, चेडवाक हात लावू नको."

त्या कौलानंतर दोन वर्षांत तुला काविळीने नेलं. मी या दोन गोष्टी जोडत नाही. काविळीची कारणं मला माहीत आहेत. शिवाय काका म्हातारा माणूस, समोर सुई. मला बरं वाटावं म्हणूनही बोलला असेल. तुला विचारता आलं असतं तर तू "गप खा" म्हणाली असतीस.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. मला काकांना दोनदा सुई टोचावी लागली. माझा हात कापत होता. ते गेल्यावर मी माझी नाडी मोजली. ती ठीक होती.