इंजिनाचा धूर

तीर्थरूप बाबा,
सिडनीहून वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, शिफ्टला डबा नेते. ऑपरेशननंतरचे डोळ्यांचे थेंब घालता ना?

काल इथल्या रेल्वेच्या जुन्या चित्रांचं प्रदर्शन पाहिलं. एका चित्रात दीडशे वर्षांपूर्वी नवी लाइन सुरू होतेय. इंजिनाला पानाफुलांच्या माळा, अगदी तुमच्या लोकोशेडमधल्या खंडेनवमीसारख्या! हे लोकही पूजा करायचे का हो?

गर्दीत सगळे हसताहेत, एकच बाई डोळे पुसतेय. का बरं? माझ्या लॅबमधली पायल म्हणाली, “धूर गेला असेल, यार.”

मी चमकले. मला सोडायला आलात तेव्हा तुम्हीही हेच म्हणालात. वाफेची इंजिनं चालवलेला माणूस, मी मानही डोलावली.

पण बाबा, विमानतळावर कुठला धूर?

तुमची,
इरावती